देवयानीचा उजवा पाय

स्वानंदीने मोबाइलवर चार ओळी लिहिल्या.

७:१५ – पाठीत कळ
७:१५ ते ८:१० – ?
८:१० – पाय हलेनात
८:५५ – हॉस्पिटल

मग मान वर करून तिने आईला विचारलं, "या प्रश्नचिन्हात काय घालू?"

"तुझे बाबा पडून होते," देवयानी म्हणाली. "पालथे."

"पंचावन्न मिनिटं?"

"पाठ दुखत असली की माणूस पडणारच ना."

स्वानंदी मानेसरला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. सकाळी सातलाच ती घरून निघाली होती आणि आईचा फोन आल्यावर वाटेतून थेट हॉस्पिटलला आली होती. सदोष पार्ट हाती आला की आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे खोदून काढायचाच तिला पगार मिळतो. "कुछ नहीं हुआ मॅडम" असं ऑपरेटर जिथे म्हणतो नेमकं तिथेच काहीतरी झालेलं असतं, हे तिला सरावाने कळायला लागलं होतं. पण समोर ऑपरेटर नव्हता, आई होती. तिने प्रश्नचिन्ह तसंच राहू दिलं.

देवयानीने आपला उजवा पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

*

देवयानी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना तिचं डोकं आधी आलं नाही, पाय आधी आले. आणि पायाळू माणसाने उसण भरलेल्या पाठीला तीनदा पाय लावला की उसण उतरते, असं आपल्याकडे मानतात. लग्न होऊन नागपूरहून दिल्लीला आली तेव्हा तिला वाटलं होतं, सुटले, इथे कोणाला ठाऊक असणार. पण दिल्लीतली मराठी माणसं मोजकी आणि गणपतीच्या मंडपात सगळी एकत्र. पहिल्याच वर्षी बातमी फुटली. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरपासून द्वारकेच्या या फ्लॅटपर्यंत लोक येत राहिले. रेल्वे बोर्डातून निवृत्त झालेले भाऊसाहेब तर दर थंडीत एकदा तरी यायचेच. सतरंजीवर पालथे पडून म्हणायचे, "मारा देवयानीताई, लाजू नका. साहेबांच्या लाथा खाऊनच पेन्शन मिळालीय."

देवयानी बी.एस्सी. झालेली, मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर. ती हसायची, कसलं काय, म्हणायची. मोजा काढायची, तळवा टेकल्यासारखा करायची, उचलायची. तीनदा. भाऊसाहेब कमरेवर हात ठेवून ताठ उभे राहायचे आणि चहा मागायचे.

एकदाही तिने कोणाला नाही म्हटलं नव्हतं. आपल्या पायाने कोणीतरी उठून उभं राहतं हे तिला आवडायचं, आणि आवडतं म्हणून थोडी लाजही वाटायची. स्वानंदीला मात्र 'पायाळू' हा शब्दच माहीत नव्हता. लहानपणी तिने कितीतरी काका जमिनीवर पालथे पडलेले पाहिले होते. तिला वाटायचं, मोठ्या माणसांचा काहीतरी खेळ आहे.

*

देवयानीचे यजमान श्यामकांत इकडे स्ट्रेचरवर. वय अठ्ठावन्न, दोन वर्षांनी निवृत्ती. एकतीस वर्षं दिल्लीत, हिंदीत टिपणं लिहिण्याबद्दल दोनदा प्रशस्तिपत्र मिळालेलं. आणि इमर्जन्सीतल्या तरुण डॉक्टरने काय होतंय विचारलं तेव्हा या माणसाच्या तोंडून निघालं, "पैर बधिर हो गए हैं."

हिंदीत बधिर म्हणजे फक्त बहिरा. रात्रपाळी संपवत आलेला तो मुलगा त्यांच्या कानाशी वाकला आणि ओरडला, "अंकल, सुनाई देना कब से कम हुआ?"

श्यामकांतांनी देवयानीकडे पाहिलं. "पायांना ऐकू येत नाहीये म्हणावं," ते मराठीत पुटपुटले.

"सुन्न," स्वानंदी मध्ये पडली. "सुन्न हो गए हैं. दोनों."

एरवी हे वाक्य वर्षभर घरात फिरलं असतं. देवयानीला हसू आलंही, पण घशाशी येईपर्यंत त्याचं दुसरंच काहीतरी झालं होतं. श्यामकांतांचे दोन्ही पाय पांघरुणाखाली सरळ पडले होते. कोणीतरी आणून ठेवल्यासारखे.

*

डॉ. अहलावत आल्या. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं हळू. पडलात का? अपघात? जड काही उचललं? ताप? मग चष्म्यावरून बघत, "किसी पहलवान को तो नहीं दिखाया?"

दिल्लीत हाडं बसवणाऱ्यांना पहलवान म्हणतात. देवयानी काही पहलवान नव्हती.

"नहीं जी," ती म्हणाली.

श्यामकांतांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मग छताकडे. "नहीं," तेही म्हणाले.

त्या दुसऱ्या 'नहीं'ने तिला आधार वाटायला हवा होता. वाटला नाही. म्हणजे त्यांच्याही मनात तेच होतं.

एमआरआय. त्याआधी छातीतली मोठी रक्तवाहिनी फाटलेली नाही ना, हे बघायला सीटी. लघवी अडली होती म्हणून नळी घातली. नळी घालताना सिस्टरला श्यामकांतांच्या डाव्या पावलावर लाल चट्टा दिसला, मधे फोड. "ये कैसे जला?" तिने विचारलं. स्वानंदी म्हणाली, रूम हीटर असेल, आणि तिने मोबाइलवर खाली दुसरं प्रश्नचिन्ह टाकलं.

देवयानी तेव्हा तिथे नव्हती. ती बाहेरच्या बाकावर बसून आपली सकाळ दुरुस्त करत होती.

*

कळ आली. बिछान्याच्या कडेवर बसले. म्हणाले, दोन खांद्यांच्या मधे सुरी घातल्यासारखं होतंय आणि छातीभोवती पट्टा आवळलाय. देवयानी म्हणाली, उसण आहे, थंडीची भरलीय. स्वेटर काढायला लावला. पालथे झाले. तिने तीनदा हलकेच पाय लावला. बस.

*

नाही.

ते म्हणाले, "काहीच होत नाहीये. जरा जोर दे."

तिने जोर दिला. थोडासा.

*

थोडासा नाही. कपाटाची मूठ धरली आणि उजव्या पायावर अख्खी उभी राहिली. एकसष्ट किलो. बनियनच्या आत काहीतरी कट् वाजलं. कदाचित पलंग वाजला असेल. त्यांनी श्वास सोडला आणि म्हणाले, "हं." तिला वाटलं, उतरली.

"आता पडून राहा तासभर, हलू नका," तिने सांगितलं आणि पोह्यांना कांदा चिरायला गेली.

चाळीस मिनिटं कांदा, पोहे, भाऊबिजेला राहिलेल्या फोनची आठवण, वहिनीला फोन. चाळीस मिनिटं ते तिकडे पालथे, तिने सांगितलं म्हणून. त्यातली शेवटची दहा मिनिटं राहिली होती तेव्हा त्यांनी हाक मारली असावी, मिक्सर चालू होता. ८:१० ला ती आत गेली, तेव्हा ते म्हणाले, "अगं, पाय कुठे आहेत माझे?"

*

साडेबाराला डॉ. अहलावतांनी दोघींना बोलावलं. मणक्यातली गादी सरकलेली नाही. कुठे रक्त साठून मज्जारज्जूवर दाब आलेला नाही. म्हणजे तातडीने कापून मोकळं करावं असं काही नाही. पण छातीच्या पातळीवर मज्जारज्जूचा पुढचा भाग एका प्रकारच्या चित्रात पांढरा चमकतोय.

"स्ट्रोक है," त्या म्हणाल्या. "रीढ़ का."

स्वानंदीने विचारलं, स्ट्रोक तर मेंदूत होतो ना?

डॉक्टरांनी लॅबचा फॉर्म उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर गोल काढला. मज्जारज्जू म्हणजे दोरी नव्हे, मेंदूच खाली उतरलाय असं समजा. त्यालाही सतत रक्त लागतं. तुमच्या सोसायटीत कसं, एका टॉवरला पाण्याचे पाइप असतात? इथे पुढून एक मोठा, मागून दोन बारीक. पुढचा बंद पडला. त्यावर ज्यांची घरं, त्यांचं पाणी गेलं: पायांतली ताकद, टोचलेलं कळणं, गरम-थंड कळणं, लघवीचा ताबा. मागचे दोन चालू असावेत. त्यावर थरथर कळते आणि डोळे मिटून पाय कुठे आहे ते कळतं. संध्याकाळी मी पुन्हा तपासेन, त्या म्हणाल्या.

"मग पाणी परत येतं?" स्वानंदीने विचारलं.

काहींना बरंच येतं, काहींना थोडं. पहिल्या दिवशी सांगता येत नाही. मेंदूच्या स्ट्रोकपेक्षा हा फार क्वचित होतो, ठाम औषधही नाही. ब्लडप्रेशर थोडं चढं ठेवायचं, कारण शोधायचं. पुष्कळदा कारण सापडतच नाही. कधी कधी पाठीवर दाब पडून गादीचा एखादा कण रक्तवाहिनीत जाऊन अडकतो, असंही होतं.

"पीठ पर ज़ोर तो नहीं पड़ा था?"

"नहीं," देवयानी म्हणाली. दुसऱ्यांदा.

"ठीक. चोट नहीं है, तो ऍस्पिरिन शुरू कर देते हैं." मार लागलेला असता, तर रक्त पातळ करण्याआधी दोनदा विचार करावा लागला असता, आतल्या आत रक्तस्राव व्हायची भीती असते, असं जाता जाता त्या म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात. लिफ्टकडे वळत.

त्यांच्या एवढ्या बोलण्यातलं देवयानीच्या कानात शेवटचं तेवढं राहिलं. पाइप, टॉवर, घरं, सगळं वाहून गेलं.

*

एक वाजून दहा मिनिटं.

सिस्टर ट्रॉली घेऊन आली. एवढ्याशा प्लास्टिकच्या वाटीत गोळी. श्यामकांतांनी मान वळवून तोंड उघडलं.

सांगितलं तर लेक काय म्हणेल. सांगितलं तर ही डॉक्टरीण काय म्हणेल, शिकली-सवरलेली बाई, नवऱ्याच्या पाठीवर. मंडळात कळेल. भाऊसाहेबांना कळेल. न सांगितलं तर. न सांगितलं आणि आत खरंच काही फुटलेलं असलं तर ती गोळी आणि मी मिळून

"रुकिए," देवयानी म्हणाली.

सिस्टर थांबली. वाटी श्यामकांतांच्या ओठांपासून वीतभर लांब.

"मत दीजिए. डॉक्टर को बुलाइए." आणि मग, सिस्टरला काही कळो न कळो, "मैंने इनकी पीठ पर पैर रखा था. पूरा वज़न."

"देवयानी," श्यामकांत म्हणाले.

"नाही हो. राहू द्या."

स्वानंदीने मोबाइल खिशातून काढला, पण लिहिलं काहीच नाही. फक्त हातात धरून उभी राहिली. "आई, पाठीवर? का?"

तेव्हा आपल्या पंचवीस वर्षांच्या मुलीला हॉस्पिटलच्या वॉर्डात उभं राहून पायाळू म्हणजे काय ते देवयानीला सांगावं लागलं. स्वानंदीने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "ते सगळे काका त्यासाठी यायचे?"

"हो."

"आणि तू मला कधी बोलली नाहीस."

"तू हसली असतीस."

स्वानंदीने मोबाइल परत खिशात टाकला.

*

डॉ. अहलावत आल्या. देवयानीने पायाळूला हिंदी शब्द शोधला, मिळाला नाही, म्हणून म्हणाली, मी उलटी जन्मले, पाय आधी. ती रागाची वाट बघत होती.

"पायल," डॉक्टर म्हणाल्या. "हमारे यहाँ पायल बोलते हैं. मेरी बुआ थीं. आधा गाँव कमर लेकर आता था." चेहरा मात्र जराही सैलावला नाही. "दो बार पूछा मैंने आपसे."

"जी."

"अब शुरू से. क्या पहले, क्या बाद में."

मग देवयानीने सगळं सांगितलं. कळ. सुरी, पट्टा. आपण चहा आणला. कप त्यांच्या हातून सुटला, चहा पायावर, फरशीवर. स्वेटर. कपाटाची मूठ. कट्. चाळीस मिनिटं.

"चाय गरम थी?"

गॅसवरून आत्ताच उतरवलेला होता.

"किस पैर पर गिरी?"

डाव्या. आणि हे बोलताना देवयानीला पहिल्यांदाच दिसलं. उकळता चहा पावलावर पडला आणि श्यामकांतांनी पाय मागे घेतला नव्हता. शिवी नाही, हाय नाही. तेव्हा तिने मनाशी म्हटलं होतं, पाठीचं दुखणं इतकं आहे की याचं काहीच वाटत नाहीये.

डॉक्टर पायथ्याशी गेल्या, पांघरूण वर केलं, फोड पाहिला. मग परत आल्या. "ये बहुत ज़रूरी है. चाय पैर रखने से पहले गिरी, या बाद में?"

"पहले," देवयानी म्हणाली आणि लगेच थबकली. सकाळपासून तिने हीच सकाळ किती वेळा बदलून पाहिली होती. हलकेच, थोडासा, अख्खी. आता जे उत्तर तिला सोडवणार होतं तेच तिला आठवत होतं, आणि म्हणूनच त्याच्यावर तिचा विश्वास बसेना. "मला वाटतं पहले," ती म्हणाली. "पक्का नहीं बोल सकती. शायद मैं अपने को बचा रही हूँ."

श्यामकांत म्हणाले, मला आठवत नाही. ते खरं असावं. त्यांना चहा पडलेलाच कळला नव्हता.

स्वानंदी वाकली. पलंगाखाली तपासण्यांसाठी काढून ठेवलेल्या सकाळच्या कपड्यांची प्लास्टिकची पिशवी होती. तिने स्वेटर बाजूला केला आणि बनियन बाहेर काढून पलंगाच्या कडेवर पसरला, पाठीची बाजू वर.

दोन खांद्यांच्या मधे चहाच्या रंगाचा पायाचा ठसा होता. टाच, चवडा, पाच बोटं. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब, देवयानीचं आहे तसं.

"सकाळीच पाहिलं होतं मी," स्वानंदी म्हणाली. "विचारायचं धाडस होत नव्हतं." मग डॉक्टरांना हिंदीत, कारखान्यात बोलत असेल तशा आवाजात तिने सांगितलं: तळव्याला चहा लागलेला होता, तो बनियनला लागला. म्हणजे चहा आधी सांडला. पाय नंतर.

डॉ. अहलावत त्या ठशाकडे थोडा वेळ बघत राहिल्या. "यानी गर्मी का एहसास तब तक जा चुका था."

"मतलब मेरे पैर से नहीं हुआ?" देवयानीने विचारलं.

"शुरू आपके पैर से नहीं हुआ." त्या म्हणाल्या. "उसके बाद कुछ बढ़ा या नहीं, वो मैं नहीं कह सकती. और चालीस मिनट पहले आते, तो अच्छा था."

त्यांनी समजूत घातली नाही. ऍस्पिरिन थांबवलं, रेडिओलॉजीच्या डॉक्टरांबरोबर बसून सगळी चित्रं पुन्हा पाहिली, फक्त इजा शोधायला. हाड मोडलेलं नाही, आजूबाजूला सूज नाही, रक्त नाही. पावणेचारला निरोप आला आणि मग तीच गोळी, त्याच एवढ्याशा वाटीत. देवयानी ते गिळणं घशाच्या घाटीपासून खालपर्यंत बघत राहिली.

*

सव्वापाच. खिडकीबाहेर धुरकट उजेड, समोरचे टॉवर अर्धेच दिसत होते.

डॉक्टरांनी टाचणी टोचली. बेंबीच्या वरपर्यंत कळत होतं, खाली नाही. पाय उचला म्हणाल्या. श्यामकांतांच्या कपाळाची शीर तेवढी वर आली. पांघरूण हललं नाही. दोन्ही बाजूंना शून्य, असं त्या शेजारच्या डॉक्टरला म्हणाल्या, आणि त्याने शून्य लिहून घेतलं.

मग खिशातून त्यांनी स्टीलचा चिमटा काढला, संगीताच्या वर्गात सूर लावायला असतो तसा. हातावर आपटला आणि त्याचं बूड उजव्या घोट्याच्या हाडावर टेकवलं.

श्यामकांत डोळे मिटून होते. "अरे," ते म्हणाले.

"क्या हुआ?"

"बज रहा है."

"जब बंद हो, बोलिए."

देवयानीला त्या चिमट्याचा आवाज येत नव्हता, कोणालाच येत नव्हता. "अब बंद," ते म्हणाले. डॉक्टरांनी चिमटा आपल्या मनगटाला लावून पाहिला आणि मान डोलावली. मग पायाचा अंगठा दोन्ही कडांनी धरून वर-खाली केला; तो कुठे आहे ते श्यामकांतांनी डोळे मिटूनच बरोबर सांगितलं. मागचे दोन पाइप चालू होते.

त्या गेल्यावर श्यामकांत म्हणाले, "बघ. बहिरे नाहीयेत."

देवयानीने नुसतं नाक ओढलं.

"आणि मी 'नहीं' का म्हटलं विचारशील तर," ते छताकडे बघत बोलले, "बायको पाठीवर उभी राहिली होती, असं अंडर सेक्रेटरीने केस पेपरवर द्यायचं म्हणजे." मग त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "गोळी मी गिळली असती. तू नसती थांबवलीस तर."

"जोर दे कोण म्हणालं होतं?"

"मीच. तेही लिही म्हणावं स्वानंदीला."

स्वानंदीने लिहिलंच. पहिल्या प्रश्नचिन्हाच्या जागी: चहा सांडला, डावा पाय, कळलं नाही. त्याखाली: आईचा पाय, पूर्ण वजन, बाबांच्या सांगण्यावरून. त्याखाली: ४० मिनिटं. ही ओळ तिने सारवली नाही. देवयानीने ती वाचली आणि मोबाइल परत दिला.

फिजिओथेरपीची मुलगी सांगून गेली होती, पावलं खाली पडू देऊ नका, मधून मधून हलवत राहा. देवयानी पायथ्याशी बसली. फोड टाळून तिने डावं पाऊल मांडीवर घेतलं. जड होतं, आणि थंड. ते थंड आहे हे फक्त तिलाच कळत होतं. तिने अंगठा दोन्ही कडांनी धरला, डॉक्टरांनी धरला होता तसा.

"डोळे मिटा. सांगा."

"वर."

बरोबर.

"खाली."

बरोबर. तिने पुन्हा वर केला. या वेळी उत्तर यायला वेळ लागला. एवढा वेळ लागला की तिचे हातच थांबले. अंगठा तिच्या बोटांत होता, वर नाही, खाली नाही. ती पलंगाच्या कठड्याकडे बघत बसली.

"थांबलीस," श्यामकांत डोळे मिटूनच म्हणाले. "चालू ठेव."